वरून खाली चालणारे नाबर साहेब

अनुसया गायकवाड, राहणार चिंचटेप बौद्धवाडी, यांच्यावर अन्याय झाला तो होळीच्या आधीच्या रविवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. वेळ नक्की सांगते, कारण वनउद्यानाच्या गेटवरची नोंदवही तेव्हा माझ्याकडे होती आणि नोंद मीच केली: "९.२०. अनुसया गायकवाड. बाहेर." त्याआधी अनुसयाकाकी माझ्या जन्माच्याही आधीपासून रोज सकाळी त्या रानात जात होत्या, वनमजूर म्हणून. बाहेर येण्याची वेळ कुणी लिहिली नव्हती. लिहायची गरज पडली नव्हती.

निसर्गवाट समितीचं पत्र दीड पानाचं होतं. कामावरून कमी केलं, उद्यानात पाऊल ठेवायला मनाई केली, हे सगळं त्यात होतं. आणि मधोमध एक वाक्य: "सदर महिलेने मार्गावर झाडाच्या फांद्या टाकून पर्यटकांची दिशाभूल केली." काकींनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "कामाचं राहू दे. पन मी मानसं चुकवली असं लिवलंय, तेवढी ओळ खोडा."

ओळ अजून खोडलेली नाही. पत्राखाली सही रमाकांत नाबर यांची आहे, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

पत्रकं मी बरीच लिहिली आहेत. पत्रकात समोरच्या माणसाला दोन ओळी मिळतात, त्यातली एक विशेषणांत जाते. नाबर साहेब दोन ओळींत मावणारे नव्हेत. त्यांच्यासोबत मी गेटवर दोन हंगाम काढले, आणि खोटं कशाला सांगू, भरपूर हसले. आम्ही सगळेच हसायचो. आम्ही हसत होतो तेवढ्या वेळात त्यांनी आख्खा डोंगर ताब्यात घेतला.

नाबर साहेब मुंबईच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले, आणि तळे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या डोंगराच्या पायथ्याशी बंगला बांधला. लोक बंगल्याला आईचं नाव देतात, देवाचं देतात. यांनी दिलं "अनुशासन". उंच, काटक माणूस. डोक्यावर पोपटी टोपी, अंगात खिशांचं जाकीट. खिसे अकरा. कंपास, मलम, सुतळी, मार्कर, ग्लुकोजचा पुडा असं प्रत्येक खिशाचं ठरलेलं, आणि अकराव्या खिशात बाकीच्या दहा खिशांची यादी. गळ्यात शिट्टी. ती त्यांनी झोपताना काढली असेल तर मला माहीत नाही.

काशीदला समुद्र बघून कंटाळलेली माणसं दुपारी आमच्याकडे वळतात, तेव्हा गेटवर साहेब त्यांना ओळीने उभं करत. मग भाषण. त्याची सुरुवात कायम एका वाक्याने व्हायची: "पॉइंट नोट करा. सिस्टिम असली की माणूस लागत नाही." हे वाक्य त्यांनी लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं इतक्या वेळा म्हटलं की आमचा जीपवाला रफिकभाई स्टेपनी बदलतानाही ते म्हणायचा. पाना निसटला की, "साहेब बोलतात ना, सिस्टिम हाय, मानूस नको. मग हे चाक आपोआप चढंल." साहेबांना हे ऐकू यायचं. त्यांना वाटायचं रफिकभाईला पटलंय.

आणि फलक. समितीचं अध्यक्षपद मिळाल्यावर पहिल्याच हंगामात साहेबांनी फलक लावले. मोठ्याने बोलू नये. झाडास मिठी मारू नये. दगडावर चढू नये. माकडाशी नजर मिळवू नये. साऱ्या वाटेवर घटकाभर टेकावं अशी सावली एकाच कुंभ्याच्या झाडाखाली आहे, तिथे "येथे थांबू नये". एका वळणावर तर नुसतं "पुढील फलक वाचावा". पुढील फलक होता "धन्यवाद". झाडात मात्र एकही खिळा ठोकू दिला नाही, प्रत्येक फलकाला स्वतःचा खांब पुरला. हे त्यांचं खरं, आणि ते मी लपवणार नाही. झाडावर त्यांचा जीव होता. झाडाखालून चालणाऱ्या माणसांचं काय, ते पुढे येईलच.

"मोठ्याने बोलू नये"च्या फलकाखाली उभं राहून ते शिट्टी फुंकायचे. कुणी बोललं की एकदा, कुणी हसलं की दोनदा. डोंगर शिट्टी परत द्यायचा, मग ती नेमकी कुणाला होती यावर पाहुण्यांत कुजबुज व्हायची, आणि त्या कुजबुजीला पुन्हा एक शिट्टी.

एकदा शिक्षकांची सहल आली. साहेबांनी सगळ्यांना ऐनाच्या झाडाखाली बसवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मोबाइलवर तांबट पक्ष्याचा आवाज लावला. टुक, टुक, टुक. मिनिटभर शांतता. मग खालच्या झाडीतून उत्तर आलं. टुक, टुक, टुक. साहेबांचे डोळे पाणावले, खरंच पाणावले. पुन्हा लावलं, पुन्हा उत्तर आलं. असं पंधरा मिनिटं चाललं. शिक्षकांनी वह्या भरल्या. साहेबांनी मला हुकूम दिला, "नोंद कर. तांबट. नर एक, मादी एक. प्रतिसाद उत्कृष्ट." अनुसयाकाकी मागे बसल्या होत्या. त्या हळूच उठल्या, खाली जाऊन आल्या, आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मादी चष्मेवाली हाय. पनवेलची."

खाली दुसरा गट बसला होता. त्यांच्याकडे तेच अ‍ॅप होतं. त्यांनीही जोडी नोंदवली.

मी साहेबांना सांगायला निघाले, तर काकींनी माझा दंड धरला. "राहू दे गं. मानूस आनंदात हाय. पक्ष्याचं काय जातंय." नोंदवहीत ती जोडी अजून आहे. तेव्हा मला हा काकींचा मोठेपणा वाटला होता. आता वाटतं की अशा माणसाला पहिल्या चुकीलाच सांगायला हवं होतं, पनवेलची बाई समोर उभी करून.

पण साहेबांना नुसतं विदूषक करून मला सुटता येत नाही. दुसऱ्या हंगामात वणवा लागला. वाऱ्याची दिशा माथ्याकडे, कारवीची झुडपं वाळून खडखडीत. फोन करून माणसं येईपर्यंत आम्ही चौघं-पाचजणच होतो. नाबर साहेब लेंग्यावर धावत आले. जाकीट नाही, टोपी नाही, पहिल्यांदाच गळा मोकळा. काकींनी हिरव्या फांद्या तोडून हातात दिल्या आणि सांगितलं, "हितनं झोडपायचं, साहेब. पुढं न्हाय जायाचं. माझ्याकडं बघा." त्यांनी बघितलं. सकाळभर तो माणूस काकींच्या डाव्या हाताला राहून आग झोडपत होता. त्या म्हणाल्या बसा की बसायचा, म्हणाल्या मागे व्हा की मागे व्हायचा. तळहात भाजला तरी हूं की चूं नाही. आग विझल्यावर दोघं एका दगडावर बसून एकाच बाटलीतून पाणी प्यायले, आणि साहेब म्हणाले, "अनुसयाताई, तुम्ही होतात म्हणून."

मी ते माझ्या कानाने ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्याच दगडाशेजारी फलक लागला: "वणवा नियंत्रण प्रात्यक्षिक क्षेत्र. मार्गदर्शक: श्री. रमाकांत नाबर." आणि ताईंची पुन्हा "ए अनुसया" झाली. "ए अनुसया, खांब सरळ धर."

आता मुद्द्याचं सांगते. साहेबांचे गुडघे गेलेले होते. ते कुणालाही सांगायचे नाहीत. गेटवर पाहुण्यांना ओळीने उभं करून, भाषण ठोकून, "चला, वर भेटू" म्हणायचे. पाहुणे घाम गाळत वाट चढायचे. साहेब बंगल्यामागे उभ्या असलेल्या रफिकभाईच्या जीपमध्ये बसायचे, पलीकडच्या कच्च्या रस्त्याने माथ्यावर पोहोचायचे, टोपी नीट करून कातळावर उभे राहायचे आणि दमलेल्या पाहुण्यांना म्हणायचे, "उशीर झाला." मग सगळ्यांच्या पुढे होऊन रमतगमत खाली. उतरणीवर त्यांची चाल राजासारखी असायची.

रफिकभाई रोज सकाळी विचारायचा, "साहेब, आज बी वरून?"

"इन्स्पेक्शन वरूनच करायचं असतं," साहेब म्हणायचे.

इथपर्यंत गंमत होती. पण नाबर साहेबांनी ही वाट आयुष्यात फक्त उतरताना पाहिली होती. फलक कुठे लावायचे, कुठल्या तोंडाने लावायचे, हे त्यांनी उतरताना ठरवलं. त्यामुळे "सावधान, पुढे निसरडा कातळ" ही पाटी चढणाऱ्याला दिसायची ती कातळ पार करून, ढोपर फोडून घेतल्यानंतर, आणि तीही मागे वळून बघितलं तर. समितीने छापलेला नकाशा त्यांनी मोबाइल हातात धरून उतरता उतरता काढला होता. वर डोंगराचा माथा, खाली गेट, आणि मधे एक रेघ. एकच रेघ.

खरं म्हणजे तिथे दोन वाटा आहेत. गेटातून चढायला लागलं की पाऊण तासाने वाट फुटते. डावीकडची अरुंद, काटेरी, ती माथ्यावर जाते. उजवीकडची रुंद, सपाट, सावलीची. कुठलाही शहाणा माणूस उजवीकडेच जाईल. ती रानात लाकडाचा कोळसा पाडायच्या काळातली वाट आहे. अर्धा तास लाडाने नेते, आणि मग ओढ्याच्या घळीत सोडून देते. घळीत दगड सुटे, कडा उभा, फोनला रेंज नाही. माथ्यावरून उतरणाऱ्याला मात्र यातलं काहीच कळत नाही. उजवीकडची वाट त्याला पाठीमागून येऊन मिळते. मान वळवल्याशिवाय ती दिसतच नाही. नाबर साहेबांनी मान वळवली नव्हती.

मग इतकी वर्षं लोक चुकले कसे नाहीत? अनुसयाकाकी होत्या म्हणून. आमच्याकडे रानात ज्या वाटेने जायचं नसतं तिच्या तोंडावर हिरवी डहाळी आडवी टाकतात. बाकी काही लिहायचं नाही, बोलायचं नाही. आडवी डहाळी म्हणजे इकडे येऊ नका. लहान पोरालाही कळतं, ठाकूरवाडीच्या म्हातारीलाही कळतं, आणि शहरातला माणूस, त्याला कुणी सांगितलेलं नसलं तरी, वाटेत आडवी फांदी दिसली की आपोआप दुसरीकडे वळतो. काकींच्या सासऱ्यांनी हे काम केलं, मग काकींनी. रोज पहाटे वर जायचं, वाळलेली डहाळी बाजूला करायची, ताजी टाकायची. त्या खुणेसाठी कधी ठराव झाला नाही, उद्घाटन झालं नाही, म्हणून ती कुणाच्या नजरेत भरली नाही.

काकींनी समितीच्या बैठकीत हे सांगितलं होतं. मी तिथे इतिवृत्त लिहायला होते. काकी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, एक डाव खालनं वर चला माझ्यासंगं. मधी वाट दोन होतात. तिथं पाटी पायजे."

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी ती वाट शंभर वेळा चाललोय, अनुसया."

"उतरलाय, साहेब. चढला न्हाय."

बैठकीत कुणीतरी खोकलं. साहेब हसले. कारखान्यात कामगाराने मशीनबद्दल शंका काढल्यावर ते जसे हसत असतील तसे. "बाई, वाट तीच असते. आपण तोंड फिरवलं म्हणून वाट बदलते का? पॉइंट नोट करा."

मी तो पॉइंट नोट केला. इतिवृत्तात आहे. सर्वानुमते मंजूर. त्या सर्वानुमतेत मीही होते, कारण मी गप्प होते.

नंतर मी बोलायला लागले. उलट्या पाट्यांवर एक पत्रक काढलं, "चढणाऱ्याने पाठीला डोळे लावावेत काय?" या मथळ्याचं, आणि ते तळ्याच्या बाजारात वाटलं. साहेबांनी मला समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं आणि तेव्हापासून ते मला "मॅडम पत्रक" म्हणू लागले. नोंदवही मात्र काढून घेतली नाही. अक्षर चांगलं आहे म्हणाले. सुरक्षा अधिकाऱ्याला शत्रूचं अक्षरही चांगलंच लागतं.

मग होळीच्या आधीचा तो शुक्रवार. शनिवारी "स्वच्छ वाट, सुरक्षित वाट" मोहिमेचा शुभारंभ होता, अलिबागहून पाहुणे यायचे होते. शुक्रवारी दुपारी साहेब जीपने वर गेले आणि झाडू, गोणी घेतलेल्या दोन माणसांसह वाट साफ करत उतरले. प्लास्टिक उचललं, बाटल्या उचलल्या. उतरता उतरता त्यांना वाटेच्या कडेला एक हिरवी फांदी पडलेली दिसली. सुरक्षा अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो अडथळा. त्यांनी ती स्वतः उचलली, शिकाऱ्याने बिबट्या धरावा तशी दोन्ही हातांत धरली, फोटो काढून घेतला, आणि फांदी दरीत फेकली. फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अडथळामुक्त वाट." माझ्या चुलतभावाच्या फोनवर मी तो त्याच संध्याकाळी पाहिला आणि साहेबांची पोझ बघून हसले; ही काकींची डहाळी, हे डोक्यात आलं नाही. साहेबांच्या मागे, त्यांच्या खांद्याच्या वर, उजवीकडची वाट अगदी स्पष्ट दिसते. आपण कशापुढे उभे आहोत हे फोटोतल्या माणसाला माहीत नव्हतं. फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

शनिवारी पहाटे काकी नेहमीप्रमाणे आल्या, तर साहेबांनी त्यांना गेटवरच थांबवलं. पाहुण्यांना शहाळी द्यायची होती, फीत धरायला दोन बाजूंना दोन बायका हव्या होत्या.

"साहेब, वर जाऊन येते. तासाभराचं काम."

"आता रोज वर जायची गरज नाही. नकाशा आहे, फलक आहेत. सिस्टिम असली की—"

"मानूस लागत न्हाय," काकींनी वाक्य पुरं केलं आणि फीत धरली.

सकाळी आठला नवी मुंबईच्या एका ऑफिसातली सात माणसं वर गेली. हातात समितीचा नकाशा, एका रेघेचा. बारापर्यंत माथ्यावर पोहोचायला हवी होती. जीप घेऊन आधीच वर गेलेल्या रफिकभाईने माथ्यावरून फोन केला की इथे कुणी आलेलं नाही. भाषणं चालू होती. मी चिठ्ठी लिहून साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, बाराव्या वस्तूला खिसा नसल्यामुळे असेल, मुठीतच ठेवली, आणि पाहुण्यांना वनसंवर्धनातल्या शिस्तीबद्दल आणखी वीस मिनिटं सांगितलं. मग गेटवर येऊन शिट्टी वाजवली. तीनदा थांबून तीनदा. डोंगराने ती परत केली. साहेबांनी पुन्हा वाजवली.

काकी केव्हाच निघून गेल्या होत्या. मला फक्त इतकं म्हणाल्या, "वर काल कोन गेलं हुतं?" मी सांगितलं. त्यांनी शहाळं खाली ठेवलं आणि चालू लागल्या.

त्या थेट घळीत गेल्या. सातही जण तिथे होते. एका बाईंचा घोटा सुजून भोपळा झालेला, पाणी संपलेलं, दोघं कड्यावर चढायच्या गोष्टी करत होते. काकींनी आधी त्या दोघांना खाली बसवलं, मग घोट्याला ओढणी बांधली, आणि त्या बाईंना कधी खांद्यावर, कधी पाठुंगळी घेऊन चारच्या सुमाराला गेटवर आणलं. साडेतीन तास. काकींचं वय मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

साहेबांनी काय केलं? प्रत्येकाला ग्लुकोज दिलं, घोट्याला स्वतः मलम लावलं, अगदी हळुवार हाताने, आणि मग अभिप्रायाचा कागद पुढे केला. त्यात तीन चौकटी होत्या: चांगली, फार चांगली, अत्युत्तम. वाट चुकलो अशी चौकट नव्हती. त्या बाईंनी "चांगली"वर खूण केली. दमल्या होत्या बिचाऱ्या.

पण त्यांच्यातल्या एकाने त्याच संध्याकाळी तक्रार केली, आणि वरून विचारणा आली की सात माणसं चुकली कशी. सुरक्षा अधिकारी म्हणून साहेबांनी आयुष्यभर असे अहवाल लिहिले असणार. अपघात झाला की कारण शोधायचं, आणि कारण शोधताना खुर्चीपासून सुरुवात करायची नाही. रात्री त्यांनी ग्रुपवरचा तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पत्र तयार होतं. फांद्या टाकल्या, दिशाभूल केली. म्हणजे जी डहाळी शनिवारी तिथे नव्हती म्हणून माणसं चुकली, ती टाकल्याबद्दल काकींना शिक्षा झाली. मी साहेबांना तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "व्यक्तीवर राग नाही. प्रोटोकॉल आहे." मी नोंदवही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि काकींच्या मागोमाग बाहेर पडले. माझी वेळ मी लिहिली नाही.

त्यानंतर साहेब मला एकदाच दिसले, गेल्या आठवड्यात. या सगळ्याची चौकशी लागली आहे आणि दोन वाटांचा फोटो जोडायचा होता, म्हणून मी वर गेले. वळण घेतलं, आणि वाट फुटते तिथे दगडावर नाबर साहेब बसलेले. एकटे. जीप नाही, टोपी मांडीवर, हातात काठी, शर्ट घामाने चिकटलेला. खालून चढून आले होते. त्या गुडघ्यांनी त्यांना किती वेळ लागला असेल, देव जाणे. ते एकदा डावीकडे बघत होते, एकदा उजवीकडे. उठले, उजवीकडे चार पावलं गेले, थांबले, परत आले. मी दिसल्यावर दचकले नाहीत.

मग म्हणाले, "इथे फलक हवा."

"साहेब, मंगळवारी चौकशीत एवढंच सांगा. इथे वाट फुटते, आणि फांदी तुम्ही उचललीत."

त्यांनी टोपी झटकली. "मंगळवारी मी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आहे मुंबईला. सकाळच्याच बोटीने निघायचंय."

"मग लेखी द्या."

"लेखी दिलं तर समितीवरचा विश्वास उडेल. तू लहान आहेस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अनुसया कशी आहे?"

"काकी म्हणतात, ती ओळ खोडा."

त्यांनी मान हलवली, की गुडघ्यात कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं, मला सांगता येणार नाही. काठी टेकत उठले आणि उतरायला लागले. पहिल्या वळणापर्यंत चाल अडखळत होती. मग सवयीची उतरण लागली, पाठ ताठ झाली, आणि ते झाडीत दिसेनासे झाले.

साहेब येणार नाहीत. साहेबांकडे मी काही मागत नाहीये. मी तुमच्याकडे मागते आहे, त्या ग्रुपवरच्या लोकांकडे. त्या फोटोला तुम्ही अंगठा दिलात. माझ्या चुलतभावाने शनिवारी रात्रीच फोन रिकामा केला आणि आता मला ओळख देत नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तो वाचतोय. बाकीच्यांनी काही केलेलं नाही, नुसतं गप्प बसला आहात. ग्रुपवरून फोटो गेला म्हणून तुमच्या फोनमधून गेला असं नाही. गॅलरी उघडा. होळीच्या आधीचा शुक्रवार शोधा. पोपटी टोपी, हातात फांदी, मागे वाट. फोटो मिळाला की त्याची कागदावर प्रत काढा, खाली स्वतःचं नाव लिहून सही करा, आणि येत्या मंगळवारी अकरा वाजता चिंचटेपच्या ग्रामपंचायतीत चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ती स्वतःच्या हाताने ठेवा. मला पाठवू नका. माझ्याकडून आला तर ते पत्रक होईल. तुमच्याकडून आला तर पुरावा.